उपनगरी हॉलमध्ये स्टिरिओ: नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका अंधेरी, बोरिवली, मुलुंड आणि घाटकोपर इथल्या रहिवाशांसाठी आहे. दादरकरांना आवाजाबद्दल मार्गदर्शन नको असतं आणि पार्लेकर ते स्वतःच देतात, म्हणून ती दोन स्टेशनं वगळली आहेत. कांदिवली, भांडुप वगैरेंच्या वाचकांनी आपल्याला लागू पडेल तो मजकूर उचलावा.

लागणारं साहित्य असं. दुकानात ज्याचा आवाज झकास वाटला होता आणि घरी आणल्यावर ज्याचं काहीतरी बिनसलं असा एक स्टिरिओ. मोजायची टेप. हातात धरता येईल असा आरसा. भिंतीवरच्या घड्याळातला दीड व्होल्टचा सेल (घड्याळ थोडा वेळ बंद राहील, कुणाला सांगू नका). दोन गोधड्या. आणि घरातली एक अशी व्यक्ती, जिला या सगळ्या प्रकारात काडीचाही रस नाही. हे शेवटचं साहित्य बहुतेक घरांत मुबलक असतं.

पायरी पहिली: तक्रारीला नाव द्या

"आवाजात मजा नाही" ही तक्रार नव्हे, ही मनःस्थिती झाली. दुकानदारासमोर हे वाक्य उच्चारलंत तर त्याला त्याचा एकच अर्थ कळतो: गिऱ्हाईक नवा अँप्लिफायर घ्यायला तयार आहे. तेव्हा आधी नीट ऐका आणि दुखणं कुठलं ते ठरवा.

बेसचा एकच सूर लांबत राहतो आणि बाकीचे सूर त्याच्याखाली चिरडतात, म्हणजे आवाज घुमतोय. हे दुखणं सहसा हॉलचं असतं. गाणाऱ्याचे 'स' आणि 'श' कानात टोचतात, झांजा पत्र्यावर पडल्यागत वाजतात, म्हणजे आवाज चिरका आहे. इथे उघड्या भिंतींवर आणि टाइल्सवर संशय घ्या. मोठ्याने लावल्यावरच फाटत असेल तर बटण खाली करा, उपाय झाला. हळू लावूनही फाटत असेल तर स्पीकरच्या पडद्याला काहीतरी झालंय. डब्यातून आल्यासारखा येत असेल तर स्पीकर कुठे ठेवलाय ते पाहा. तो शोकेसच्या कप्प्यात, चांदीच्या गणपतीच्या आणि चिनी मातीच्या ससुल्याच्या मधोमध ठेवला असेल तर तो खरोखरच डब्यातून येतोय, तक्रार कशाची करता?

आणि बेस गायब, गायिका नक्की कुठे उभी आहे ते कळत नाही, आवाज सगळीकडून येतो आणि कुठूनच येत नाही, असं असेल तर आनंदाने टाळी वाजवा. हे दुखणं फुकटात बरं होतं. ते तिसऱ्या पायरीत आहे.

पायरी दुसरी: ग्रँट रोडला जाऊ नका

नवशिक्याची पहिली ऊर्मी लॅमिंग्टन रोडला जायची असते. महापालिकेच्या लेखी तो डॉ. भडकमकर मार्ग आहे, पण त्या नावाने विचारलंत तर तुम्ही काही विकत घ्यायला आला नाहीत हे लगेच ओळखलं जातं. ग्रँट रोड स्टेशनात उतरायचं आणि दुपारभर वायरी, पिना, ट्रान्सफॉर्मर आणि ट्वीटर यांच्यामधून हिंडायचं, यासारखं सुख नाही. म्हणूनच आत्ता जाऊ नका. सगळ्या पायऱ्या संपल्यावर बक्षीस म्हणून जा.

कारण तिथे गेलात की तुम्हाला वॉट विकले जातील. नव्वदीच्या दशकात ज्यांनी घरात पहिली म्युझिक सिस्टिम आणली त्यांना खोक्यावरचे ते मोठाले आकडे आठवत असतील: १००० वॉट पीएमपीओ, २००० वॉट पीएमपीओ. भिंतीतल्या साध्या पाच अँपिअरच्या सॉकेटमधून एवढे वॉट निघाले कसे, हा प्रश्न तेव्हा कुणी विचारला नाही. पीएमपीओ मोजायची कुठलीही सर्वमान्य रीत नव्हती. आकडा छापणाऱ्याची उदारता, एवढंच त्याचं माप. आज आरएमएस वॉट लिहितात, ते जरा शहाणे असतात. पण त्यातही एक गंमत आहे. वॉट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने चढतो, म्हणजे "जरासा मोठा झाला वाटतं" इतपत. कानाला दुप्पट वाटायला १० डेसिबल लागतात आणि त्यासाठी वॉट दहापट करावे लागतात. ५० वॉटचा अँप्लिफायर विकून १०० वॉटचा आणणाऱ्या गृहस्थाने नेमकं काय मिळवलं, याचा हिशेब त्याच्या पत्नीला सांगू नये.

साधारण घरगुती स्पीकर एका वॉटवर, एक मीटर अंतरावर ८७-८८ डेसिबल आवाज देतो. एवढा आवाज म्हणजे खालच्या मजल्यावरून फोन. आपण रोज ऐकतो ते वॉटाच्या लहानशा तुकड्यावर. उरलेले सगळे वॉट लॉकरमधल्या सोन्यासारखे: आहेत म्हणून बरं वाटतं, अंगावर कधी चढत नाहीत.

पायरी तिसरी: वायर

ऑक्सिजन-विरहित तांब्याची, सापाएवढ्या जाडीची, मखमली पिशवीतून येणारी वायर मिळते. तिची किंमत ऐकून आधी स्वतःलाच ऑक्सिजन लागतो. तिच्याऐवजी कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात जा आणि "अडीच एमएम" एवढंच म्हणा. एसीच्या पॉइंटला वापरतात ती. तांब्याच्या या वायरीचा रोध मीटरला सुमारे ०.००७ ओहम असतो. स्पीकर पाच मीटर लांब असला तरी जाऊन-येऊन ०.०७ ओहम, आणि समोर स्पीकर ८ ओहमचा. म्हणजे एक टक्क्याच्या आत. उपनगरी हॉलमध्ये पाच मीटर लांब जाणारी वायर एक तर शेजाऱ्याकडे पोचते किंवा बाल्कनीतून खाली.

वायर महत्त्वाची नाही. ती कुठे जोडली, हे फार महत्त्वाचं आहे. स्पीकरमागे एक लाल आणि एक काळं टोक असतं, अँप्लिफायरमागेही तसंच. दोन्ही स्पीकर लालला लाल, काळ्याला काळं असे जोडलेले हवेत. एकाचंच उलटं झालं तर एका स्पीकरचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो, दोघांचा बेस एकमेकांना खाऊन टाकतो आणि मधोमध उभी असायची ती गायिका घर सोडून जाते. दिवाळीच्या साफसफाईनंतर हे हमखास होतं. वायरींचे रंग पुसून गेले असतील तर घड्याळातला तो सेल काढा. स्पीकरच्या दोन वायरी अँप्लिफायरपासून सोडवा, सेलच्या दोन टोकांना क्षणभर टेकवा आणि वूफरकडे बघा. पडदा पुढे सरकला तर सेलच्या अधिक टोकाला लागलेली वायर लाल. मागे गेला तर उलट. बस्स. ही एवढी तपासणी न करता लोक स्पीकर बदलतात, अँप्लिफायर बदलतात, आणि काही जण तर गायकच बदलतात.

आता त्या रस नसलेल्या व्यक्तीचा उपयोग. नवी वायर, नवी पिन, नवं काहीही बसवलं की आपल्या कानाला सुधारणा झालीच आहे असं वाटतं; पैसे खर्च झालेले असतात ना. म्हणून जुनी आणि नवी वायर आलटून-पालटून लावा, कुठली कधी लावली ते सांगू नका आणि स्वयंपाकघराच्या दिशेने विचारा, "आत्ताचं बरं, की आधीचं?" उत्तर येईल: "दोन्ही सारखंच. आणि जरा हळू करा." प्रयोगशाळेत याला आंधळी चाचणी म्हणतात आणि तिच्यावर भरपूर खर्च करतात. मात्र याच व्यक्तीने कधी न विचारता "अहो, उजवीकडचा वाजत नाहीये का?" असं म्हटलं तर हातातलं सोडून उठा. उजवीकडचा वाजत नाहीये.

पायरी चौथी: हॉल मोजा

इथे मूळ आजाराला हात घालायचा. तुमच्या सिस्टिममधला सगळ्यात मोठा, सगळ्यात महाग आणि सगळ्यात बेसूर भाग म्हणजे तुमचा हॉल. त्याचे हप्ते अजून चालू असतील.

समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये आवाज जा-ये करतो. ज्या सुराची लहर भिंतींमधल्या अंतराच्या बरोबर दुप्पट, तो सूर खोलीत अडकून फुगतो. गणित सोपं आहे: मुंबईच्या उकाड्यात आवाज सेकंदाला सुमारे ३४९ मीटर जातो, त्याला खोलीच्या लांबीच्या दुपटीने भागा. आपला ठरलेला हॉल दहा बाय पंधरा, उंची साडेनऊ फूट. पंधरा फुटांचा सूर येतो ३८ हर्ट्झ. बहुतेक घरगुती स्पीकर तिथवर उतरतच नाहीत, सोडून द्या. दहा फुटांचा येतो ५७. आणि उंचीचा? ६०. म्हणजे रुंदी आणि उंची जवळजवळ एकाच सुरावर हट्ट धरून बसल्या आहेत. बेस गिटारची ए ही मोकळी तार ५५ हर्ट्झची असते. हिंदी सिनेमाची गाणी लावल्यावर बेसचा एक सूर धडामकन अंगावर येतो आणि त्याच्या अलीकडचे-पलीकडचे सूर हरवतात, त्याचं कारण संगीतकार नव्हे, बिल्डर. दहा बाय दहाची बेडरूम असेल तर विचारूच नका. तिथे तिन्ही बाजू एकाच सुराच्या मागे लागलेल्या असतात. काळी एकच्या तंबोऱ्याचा खर्ज ६९ हर्ट्झच्या आसपास येतो, तेव्हा शास्त्रीय संगीतवाले या संकटातून थोडक्यात वाचले. त्यांनी फार खूश होऊ नये, त्यांच्यासाठी पुढे पंखा आहे.

हा फुगलेला सूर भिंतीपाशी सगळ्यात जोरात असतो आणि खोलीच्या बरोबर मध्यावर जवळपास नाहीसा होतो. आता डोळ्यांसमोर आपला सोफा आणा. तो कुठे आहे? मागच्या भिंतीला टेकून. सगळ्यांच्या घरी तो मागच्या भिंतीलाच टेकलेला असतो. आणि स्पीकर? समोरच्या भिंतीच्या दोन कोपऱ्यांत, कारण मध्ये टीव्ही आहे. मोकळ्या हवेतल्या स्पीकरचा बेस एका भिंतीपाशी नेला की ६ डेसिबलपर्यंत वाढतो. दोन भिंती आणि जमीन मिळतात त्या कोपऱ्यात ठेवला तर हिशेब १८ डेसिबलपर्यंत जातो. म्हणजे वाजवणारा कोपऱ्यात, ऐकणारा भिंतीला, आणि दोघांच्या मध्ये ५७ हर्ट्झ.

यावर एक परदेशी उपाय आहे, तो करून पाहायला हरकत नाही. एक स्पीकर सोफ्यावर, आपण बसतो तिथे ठेवायचा, बेस असलेलं गाणं लावायचं आणि आपण हॉलभर रांगायचं. जिथे बेस सगळ्यात एकसारखा ऐकू येईल तिथे स्पीकर ठेवायचा. दुपारी, घरी कुणी नसताना करा. दार आतून लावा. कामवाल्या मावशींना याचं समाधानकारक स्पष्टीकरण देता येत नाही. आणि निकालाची तयारी ठेवा. ती आदर्श जागा बहुतेक वेळा चपलांच्या स्टँडवर किंवा बाथरूमच्या दारात निघते.

पायरी पाचवी: फर्निचर हलवणे, अर्थात वाटाघाटी

पुस्तकी नियम असा: दोन स्पीकर आणि तुमचं डोकं यांचा समभुज त्रिकोण व्हावा, ट्वीटर कानाच्या उंचीवर यावेत, स्पीकर मागच्या भिंतीपासून दोन-तीन फूट पुढे, सोफा आपल्या भिंतीपासून दोन फूट पुढे. दहा बाय पंधराच्या हॉलमध्ये हे सगळं पाळलं तर आत बेडरूममध्ये जायला वाट उरत नाही. पाहुणे आले तर ते त्रिकोणात उभे राहतील.

म्हणून तह करायचा. सोफा दोन फूट नको, नऊ इंच पुढे. मागे इस्त्रीचं टेबल उभं राहतं, हा मुद्दा चर्चेत पुढे करा. स्पीकर कोपऱ्यातून फक्त एकेक फूट आत. डावा-उजवा स्पीकर सारख्या उंचीवर येतील एवढं तरी मिळवाच. एक टीव्हीच्या टेबलावर आणि दुसरा फ्रिजवर, ही मांडणी अजूनही पुष्कळ सभ्य घरांत दिसते. शोकेसमधल्या ससुल्यांविषयी आईशी बोलताना "अडगळ" हा शब्द टाळा. त्यातला एकेक ससा कुणी, कुठल्या लग्नात दिला याची नोंद तिच्याकडे आहे. ती मान्यच करत नसेल तर शोकेसवरून काढून स्पीकर पाटावर ठेवा. जुना सागवानी पाट, त्याखाली स्वयंपाकघराच्या ओट्याचं काम झालं तेव्हा उरलेला कडप्प्याचा तुकडा, आणि मध्ये जुन्या स्लीपरच्या रबराचे चार चौकोन. हेच बाहेर 'आयसोलेशन प्लॅटफॉर्म' नावाने मिळतं.

आणखी एक फुकटचा उपाय: गाणं ऐकताना बेडरूमचं दार उघडं ठेवा. बेसला पळून जायला वाट मिळते. झोपलेल्यांचं काय, हा प्रश्न ध्वनिशास्त्राच्या कक्षेत येत नाही.

पायरी सहावी: गाद्या आणि गोधड्या

१८९५ साली अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात वॉलेस सॅबिन नावाचा एक तरुण प्राध्यापक होता. विद्यापीठाने फॉग संग्रहालयात नवं व्याख्यानगृह बांधलं आणि त्यात कुणाचं बोलणं कुणाला कळेना; एक शब्द साडेपाच सेकंद घुमत राहायचा. सॅबिनला सांगण्यात आलं, काहीतरी कर. त्याने काय केलं? जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणायच्या, व्याख्यानगृहात पसरायच्या, ऑर्गनची एक नळी वाजवायची आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचं. सकाळच्या आत गाद्या परत जागेवर. असं कितीतरी रात्री चाललं. त्यातून जे सूत्र निघालं त्यावर आजही सभागृहं बांधतात. बॉस्टनचा १९०० साली उघडलेला सिंफनी हॉल हे त्याचं पहिलं फळ. गाद्या काढणं-घालणं हे आपल्याकडे प्रत्येक वन रूम किचनमध्ये रोज रात्री होत होतं. सूत्र मात्र आपल्या हाती लागलं नाही.

त्या सूत्रात आपला हॉल घाला. रंगवलेल्या भिंती, टाइल्स आणि काच अंगावर आलेल्या आवाजाचा जेमतेम दोन-तीन टक्के भाग गिळतात, बाकीचा परत फेकतात. सामान यायच्या आधीच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये आवाज जवळजवळ तीन सेकंद रेंगाळतो. ताबा घ्यायला गेलात तेव्हा मुलांनी "ओऽऽ" करून हे सिद्ध केलं असेल. मग सोफा, पडदे, माणसं येतात आणि गोष्टी बऱ्या होतात. पण हल्ली इंटिरिअर करून घेतात, त्यात पडदे जाऊन ब्लाइंड्स येतात, सतरंजी जाते, चकचकीत टाइल्स उरतात. हॉल मासिकातल्यासारखा दिसतो आणि बाथरूमसारखा ऐकू येतो.

तेव्हा आरसा घ्या. तुम्ही ऐकायच्या जागी बसा आणि कुणाला तरी आरसा बाजूच्या भिंतीवरून सरकवत न्यायला सांगा. जिथे आरशात तुम्हाला स्पीकरचा ट्वीटर दिसेल, नेमका तिथूनच आवाज उसळून तुमच्या कानात येतोय. तिथे गोधडी टांगा. आजीने जुन्या नऊवारीचे थर घालून शिवलेली गोधडी यासाठी फार उत्तम. वर ती भिंतीवर टांगली की पाहुणे तिला लोककला म्हणतात. पुस्तकांचं उघडं कपाट असेल तर तेही चालतं, मात्र पुस्तकं एका रेषेत लावू नका. दिवाळी अंक आत-बाहेर खुपसून ठेवलेले असतात ते ध्वनिशास्त्राच्या दृष्टीने आदर्श.

थर्माकोल नको. अंड्यांचे ट्रेही नकोत. थर्माकोल आवाज शोषत नाही, त्याची भोकं बंद असतात. शिवाय २०१८ पासून राज्यात सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे, तेव्हा माळ्यावरचे जुन्या मखराचे खांब भिंतीला चिकटवून तुम्ही एकाच वेळी आवाज आणि कायदा दोन्ही बिघडवाल. अंड्यांच्या ट्रेने खोलीला वास तेवढा येतो.

गोधडीने चिरकेपणा जाईल, घुमणं जाणार नाही. एखादा सूर नीट शोषायचा तर शोषणारा थर त्या सुराच्या लहरीच्या पाव हिश्शाइतका जाड हवा. ५७ हर्ट्झच्या लहरीचा पाव हिस्सा दीड मीटर. दीड मीटर जाडीची गादी हॉलच्या दोन्ही बाजूंना लावलीत तर सूर नक्की सुधारेल आणि हॉल जेमतेम दोन इंच रुंद होईल.

पायरी सातवी: खिडकीबाहेरचा वाद्यवृंद

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली. खिडकी बंद करा, पंखा दोनवर आणा आणि आपापल्या स्टेशनाचा मजकूर वाचा.

घाटकोपर: विमानं बहुतांशी तुमच्याच डोक्यावरून धावपट्टीकडे उतरतात. विलंबित ख्याल लावू नका. समेची वाट पाहत असताना नेमकं विमान येतं. द्रुत बंदिशी, लावणी, नाट्यपदं चालतील.

अंधेरी: ८ जून २०१४ रोजी वर्सोवा–घाटकोपर मेट्रो सुरू झाली आणि पुष्कळांच्या दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या हॉलमध्ये डब्यातले प्रवासी डोकावू लागले. त्यांना तुमचे स्पीकर दिसतात, ऐकू येत नाहीत. तुम्हाला बरोबर उलटं. गाणं रात्री, शेवटची गाडी गेल्यावर ऐका. त्या वेळी आवाज अगदी हळू ठेवावा लागतो आणि हळू आवाजात कानाला बेस कमी ऐकू येतो. हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये मोजून दाखवलं. जुन्या अँप्लिफायरवरचं 'लाउडनेस' नावाचं बटण त्याचसाठी असतं, हळू ऐकताना बेस भरून काढायला. लोक ते दिवसा, पूर्ण आवाजात, वरातीच्या हेतूने दाबतात.

मुलुंड: डोंगराच्या बाजूला राहणाऱ्यांना खरोखर शांतता मिळते. "आमच्याकडे कसं अगदी शांत असतं" हे वाक्य मुलुंडकर इतक्या वेळा आणि इतक्या मोठ्याने सांगतात की तो वेळ गाण्यातून वजा करावा लागतो. एल.बी.एस. मार्गाकडच्यांनी घाटकोपरचा मजकूर वाचावा आणि विमानाऐवजी हॉर्न धरावा.

बोरिवली: विविध भारतीचं ठाणं तुमच्याच गावात आहे. त्यामुळे इथे रेडिओचा आवाज जास्त ताजा येतो, अशी एक स्थानिक श्रद्धा आहे. तिला तांत्रिक आधार नाही, पण ती मोडून काढून कुणाचं भलं होणार?

गणेशोत्सवाचे दहा दिवस कुठल्याच स्टेशनात स्टिरिओबद्दल मत बनवू नये.

पायरी आठवी: कशावर तपासायचं

दुकानात झाडांमधून पडणाऱ्या पावसाचं, काचा फुटण्याचं, हेलिकॉप्टरचं रेकॉर्डिंग ऐकवतात. ते चांगलं वाजलं म्हणून काय समजायचं? घरी हेलिकॉप्टर किती वेळा ऐकता?

मी सांगतो, 'गीतरामायण' लावा. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून त्याचं प्रक्षेपण सुरू झालं. ते मोनो होतं. एकच आवाज, डाव्या-उजव्याचा भेद नाही. "मग दोन स्पीकर कशाला?" असा प्रश्न घरातून येईल आणि त्याला तोंड द्यावं लागेल. उत्तर असं की मोनो हीच स्टिरिओची खरी परीक्षा आहे. दोन्ही स्पीकर नीट जोडलेले, नीट ठेवलेले असतील तर बाबूजींचा आवाज दोन स्पीकरांमधल्या रिकाम्या जागेतून, टीव्हीच्या बरोबर मधोमध येतो. तिथे काहीच नाही, आणि माणूस तिथेच बसलाय. तो डावीकडे सरकला तर उजवा स्पीकर दूर आहे किंवा कमी वाजतोय. सगळ्या हॉलभर पसरला तर तिसऱ्या पायरीवर परत जा. स्टिरिओची कल्पना लंडनमध्ये ॲलन ब्लमलाइन नावाच्या इंजिनिअरला सुचली ती सिनेमा बघताना, असं सांगतात. पडद्यावर नट एका टोकाला आणि त्याचा आवाज भलतीकडून. १९३१ च्या डिसेंबरात त्याने पेटंटचा अर्ज केला. माणूस जिथे आहे तिथूनच बोलावा, एवढीच त्याची मागणी होती. आपल्या हॉलमध्ये अजून ती पुरी व्हायची आहे.

मधोमध बसलेला माणूस एकदा सापडला की मग किशोरीताईंचा भूप लावा, पंखा पूर्ण बंद करा. तंबोऱ्याची जवारी सुटी-सुटी ऐकू येते का बघा. घाम पुसायला टॉवेल जवळ ठेवा.

किरकोळ आजार

हम: एकसारखं "हंऽऽ" येत असेल तर टीव्हीच्या केबलवाल्याची वायर सेट-टॉप बॉक्समधून काढून बघा. थांबलं, तर केबलची जमीन आणि तुमची जमीन वेगळ्या आहेत. मध्ये बसवायचा आयसोलेटर मिळतो. तीन पिनांमधली वरची पिन कापून टाकायचा सल्ला कुणीतरी देईलच. त्याला चहा द्या, पक्कड देऊ नका. जुन्या इमारतीत अर्थिंगची वायर सॉकेटच्या मागे कुठेच गेलेली नसते, ते आधी इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. इथे विनोद नाही.

खरखर: आवाजाचं बटण फिरवताना येते. अँप्लिफायर बंद करून आत कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, बटण भरपूर वेळा फिरवा. खोबरेल तेल घालू नका.

पावसाळा: वूफरच्या कडेला फोमची गोल पट्टी असेल तर आपल्या दमट हवेत ती काही वर्षांत भुगा होते. बोट लावलं की काळी पूड. स्पीकर फेकू नका. लॅमिंग्टन रोडला रिकोनिंग करून मिळतं आणि तिथे रबरी कड बसवायला सांगा. हो, आता जाऊ शकता. कॅसेटींवर पांढरी बुरशी दिसली तर त्या डेकमध्ये घालू नका. बुरशी हेडला लागते आणि तिथून बाकीच्या कॅसेटींना.

मुदत

ही मार्गदर्शिका तुमच्या सध्याच्या हॉलपुरतीच लागू आहे. तुमची सोसायटी रिडेव्हलपमेंटला जाणारच आहे, किंवा गेली आहे आणि तुम्ही हे भाड्याच्या घरात, खोक्यांवर बसून वाचत आहात. नव्या इमारतीत पहिल्या पायरीपासून पुन्हा सुरुवात करावी लागेल. म्हणून बिल्डर सर्वसाधारण सभेत नकाशे दाखवेल तेव्हा कार्पेट एरिया किती वाढला यावर सगळे तुटून पडलेले असताना तुम्ही हॉलची लांबी, रुंदी आणि उंची विचारून घ्या. तिन्हींत भरपूर फरक हवा. हॉल चौकोनी दिसला तर हात वर करा आणि अशा खोलीत ५७ हर्ट्झ दोन्हीकडून अडकतात हा मुद्दा इतिवृत्तात नोंदवायला सांगा. सेक्रेटरी चष्म्यावरून बघतील आणि म्हणतील, आधी पार्किंगचं घेऊ.